पुढे सरकवलेली ताटली

आमच्या आईने नऊ वर्षं प्रभुभोजन घेतलं नव्हतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये भाकरीच्या तुकड्यांची ताटली बाकावरून फिरत आली की ती मान ताठ ठेवून माझ्याकडे सरकवायची. मी माझा तुकडा उचलून पुढे द्यायचे. कुणाशी वैर असेल तर आधी ते मिटवावं, मगच त्या भाकरीला हात लावावा, असं आजीने तिला शिकवलेलं. आणि वैर होतं, तेही सख्ख्या धाकट्या बहिणीशी, म्हणजे माझ्या मावशीशी.

आजी रायपूरमध्येच, गुढ़ियारीत मावशीच्या घरी वारली. मावशीने आधी चर्चच्या पाळकसाहेबांना बोलावलं आणि आईला मागून फोन केला. आम्ही भनपुरीच्या आमच्या घरून पोहोचेपर्यंत आजीचे डोळे मिटले होते. वाटलं होतं अजून वेळ आहे, असं मावशी रडत सांगत राहिली. आईने ऐकून घेतलं नाही. त्यानंतर दोघी एकाच चर्चमध्ये, आई पुढे, मावशी मागे, आणि बोलणं बंद. सुरुवातीला आम्ही घरच्यांनी समजावून पाहिलं, मग कंटाळून तो विषयच सोडून दिला.

यरुशलेम बघायचं आईचं जुनं वेड. चर्चच्या मंडळीतले वीस-बावीस जण निघणार असं कळल्यावर तिने माझ्यामागे टुमणं लावलं. मी ऑफिसात तीर्थयात्रेसाठी सुट्टी मागितली, तर साहेब म्हणाले, हव, चारधाम का? मी नाही म्हणायचाही कंटाळा केला.

सांगायला लाज कसली, पहिले तीन दिवस मला तिथे आतून काहीच वाटलं नाही. आईचे गुडघे सांभाळा, तिचा चिवड्याचा डबा सांभाळा, यातच वेळ गेला. यार्देन नदीत बाकीच्या बाया बुडी मारून रडत होत्या आणि मी काठावर सगळ्यांच्या चपला राखत बसले होते. बेथलेहेमला मात्र आई तिथल्या चर्चच्या बुटक्या दारातून वाकून आत गेली, येशूच्या जन्माच्या जागी खाली बसली आणि तिथल्या दगडावरून हात फिरवत राहिली, तान्ह्या बाळाच्या पाठीवरून फिरवावा तसा. आई म्हातारी झाली आहे, हे मला तिथे पहिल्यांदा नीट दिसलं.

शेवटच्या दिवशी आम्ही यरुशलेममध्ये येशूच्या रिकाम्या कबरेच्या बागेत गेलो. पाळकसाहेबांनी तिथेच झाडाखाली प्रभुभोजन ठेवलं. माझी खात्री होती की इथे तरी आई हट्ट सोडेल. ताटली आली आणि आईने ती नेहमीसारखी माझ्याकडे सरकवली.

मी भडकले. आवाज खाली ठेवूनच, पण बोलायचं ते बोलले. एवढ्या लांब यायचं, त्याच्या कबरेसमोर बसायचं आणि राग मात्र घरून सोबत आणायचा, याला काय म्हणावं? आईचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती मान वळवून मागे बघत होती. मागे नुसती झाडं होती. मग ती रडायला लागली, आणि मला वाटलं, गुडघा दुखतोय.

परतीच्या बसमध्ये ती एवढंच म्हणाली, "घरी नको. पयले गुढ़ियारीले ने मले."

रायपूरला उतरलो तेव्हा दुपार होती. सामान गाडीतच ठेवून आम्ही मावशीच्या दारात उभ्या राहिलो. मावशीने दार उघडलं, आईला बघून बाजूला झाली, मग आत जाऊन पाणी घेऊन आली. आता आई तिला माफ करणार, असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर आईचा अभिमानही वाटला.

आईने पाण्याला हात लावला नाही. "मी तुले माफ करायले नाही आली," ती म्हणाली, "माफी मागायले आली. वैर हाय म्हणून घेत नाही, हे मी लोकायले सांगत होती. तू मांगून पाहून राहिली, हे मले ठाऊक होतं. तुले दिसावं म्हणूनच सरकवत होती मी ते ताटली. तिथं प्रभूच्या कबरेपाशीही सरकवली, अन् मांगं वळून पाह्यलं. तू नव्हती. मंग कोणाले दाखवून राहिली होती मी?"

मावशीने हातातलं पाणी खाली ठेवलं.

"मले दर महिन्याले दिसे, ताई," ती म्हणाली. "उठून तुह्याजवळ येता आलं असतं मले. नाही आली."

मग दोघीही रडल्या, आजीसाठी एकत्र रडायचं राहून गेलं होतं ते रडल्या. मी भिंतीशी उभी होते. मला कुणी काही बोललं नाही, बोलायला हवं होतं. नऊ वर्षं आईने सरकवलेली ताटली माझ्याच हातात येत होती. मी माझा तुकडा खात होते, आणि एकदाही मागे वळून मावशीला ये म्हटलं नव्हतं.