चिमाजीनाना आणि आमची कांद्याची चाळ

चिमाजी सुतारांना मोजपट्टीचा भारी तिटकारा होता. आमच्या डिंगोरे गावात कुणाच्याही दारी काम करताना ते वीत आणि बोटं लावून माप घेत, आणि तरी त्यांनी बसवलेलं दार पावसाळ्यात अडलंय असं कुणी ऐकलं नव्हतं. ‘जमंल’ आणि ‘न्हाई जमायचं’ या दोन उत्तरांवर त्यांनी चाळीस वर्षं सुतारकी केली. माझे वडील धर्माजी त्यांच्याच वयाचे. संध्याकाळी दोघं आमच्या ओट्यावर तंबाखू मळत बसायचे.

शहाण्णव साली मी पुण्यातून सिव्हिलचा डिप्लोमा करून आलो, तेव्हा मला सगळंच कळत होतं. त्याच उन्हाळ्यात वडिलांनी घराशेजारी कांदा साठवायला लाकडी चाळ बांधायचं काढलं. मी लगेच नकाशा काढायला बसलो. चाळ घराच्या दगडी भिंतीला टेकवायची, म्हणजे एक बाजू आयती मिळते आणि लाकूड वाचतं. वडील चौथी शिकलेले. त्यांनी तो नकाशा दूध घालायला आलेल्या माणसालासुद्धा दाखवला.

चिमाजीनाना आले. त्यांनी मूठभर भुसा उचलला आणि भिंतीशी उभं राहून हळूहळू खाली सोडला. तो सरळ पायाशी पडला. अंगणाच्या मधोमध जाऊन तसंच केलं, तर भुसा वाऱ्यानं उडून गेला. वडील चहा सांगायला आत गेल्यावर ते मला म्हणाले, “भाऊ, कांद्याला दोन्ही अंगानं वारं लागतंय. भिंतीपासनं चार हात सोडू. हितं त्यो सडंल.”

मी त्यांना पट्ट्यांमधल्या फटी आणि हवेचं गणित समजावून सांगितलं. त्या वेळचं माझं शहाणपण आठवलं की आजही कान तापतात. एवढ्यात वडील बाहेर आले आणि त्यांनी मोठ्या कौतुकानं नकाशा नानांपुढे धरला. नानांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, “जमंल.”

ऐनाच्या लाकडाचे खांब, जमिनीपासून हातभर उंच तळ, वर कौलं. चाळ इतकी देखणी झाली की लोक बघायला येत. वडिलांनी नानांना टोपी-टॉवेल आणि नारळ दिला. मे महिन्यात आम्ही ती कांद्यानं भरली, आणि श्रावणात घरात उग्र वास सुटला. भिंतीला ओल आली होती. त्या बाजूचा कांदा पाणी सुटून बसला होता आणि त्याच्या संगतीनं पुढचाही गेला. आम्ही आठवडाभर टोपल्यांनी उकिरड्यावर नेऊन टाकत होतो.

वडिलांनी देवळापुढे चार माणसांत नानांना गाठलं. “चिमाजी, माझ्या पोरानं एवढं शिकून काढलेलं, त्याची तू माती केलीस,” म्हणाले. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी चपलेचा अंगठा नीट करत राहिलो. एक शब्द बोललो असतो तर भागलं असतं.

पुढे गावात बऱ्याच चाळी झाल्या, पण त्यांना सुतार आळेफाट्याहून आले. नाना घरी बसून पोळपाट आणि खुंट्या करत, आणि जुन्नरच्या बाजारात नेऊन विकत. आमच्या ओट्यावर ते पुन्हा चढले नाहीत.

मी मंचरला नोकरीला लागलो. दर सुट्टीत ठरवायचो की आज वडिलांना खरं सांगायचं. त्यांना वाईट वाटेल असं स्वतःला समजावून परत जायचो. खरं तर त्यांच्या नजरेतून उतरायची मला भीती वाटत होती. दोन हजार तीन साली ते झटक्यानं गेले.

तेरावं झाल्यावर मी नानांकडे गेलो आणि सगळं कबूल केलं. ते पोळपाट घासत होते, हात थांबला नाही.

“मला सांगून काय करता, भाऊ? मला ठावंच व्हतं,” ते म्हणाले. “त्याला तुमचं लई कवतिक. ते माज्या तोंडानं कसं मोडायचं? तुमी सांगाल म्हून थांबलो.” मग पोळपाट बाजूला ठेवून म्हणाले, “धर्माजी शेवटपत्तर माज्याशी बोलला न्हाई.”

सात वर्षं होती माझ्याकडे.