तीन टोकांचा करार

दुपारची भांडी पालथी घालून मी पडवीत आडवी होते. झोप म्हणावी तर झोप नाही. कोंबड्यांची खुडबुड ऐकू येते आहे, विझत्या चुलीचा वास येतो आहे आणि डोक्यात उद्याची बैठक फिरते आहे. डोळे मिटले की देवळाची पायरी दिसते, उघडले की पडवीचे वासे. म्हणून मी वासे मोजायला लागते. सातव्या वाशावर आमचे हे बसलेले असतात.

हे जाऊन दोन वर्षं झाली. वाशावर बसायची सवय त्यांना जिवंतपणी नव्हती, म्हणून मी म्हणते, खाली या, पडाल. ते ओठांवर बोट ठेवतात. आणि मग माझ्या लक्षात येतं की वासा नाही, पडवी नाही, आम्ही दोघं मचाणावर आहोत. मी जन्मात कधी मचाणावर चढले नाही. बायकांना तिथे कोण नेतो? पण बसले आहे खरी, मांडी घालून, ह्यांच्या शेजारी. खाली धुकं आहे.

"हलू नको गो," हे कुजबुजतात. "आलीत."

"कोण?"

"पोरं."

खाली सांबरं चरत आहेत. ही पोरं कुठली आणि ह्यांना त्यांचं एवढं कौतुक का, ते आधी सांगायला हवं.

आमच्या खोऱ्यात परवान्याच्या चार बंदुका. चौघांची रानं एकमेकांना चिकटलेली, आणि सांबर काही हद्दीचे दगड बघून चरत नाही. आज आमच्या रानात, उद्या शेजारच्या रांबाड्यांच्या. त्यामुळे दिसेल त्या नरावर जो तो बार टाकायचा. मी सोडला तर शेजारी मारणार, मग मीच का सोडू, हा चौघांचाही हिशेब. असं करता करता खोऱ्यात मोठा नर औषधालाही उरला नाही. उरली ती सगळी मिसरूड न फुटलेली पोरं, डोक्यावर दोन सरळ सुळे घेऊन हिंडणारी. तेव्हा ह्यांनी चौघांना देवळात बसवलं आणि नारळावर हात ठेवून ठरवून घेतलं की ज्याच्या एकेका शिंगाला तीन टोकं नाहीत, त्याच्यावर बंदूक उचलायची नाही. त्याला वाढू द्यायचं. पाच-सहा पावसाळे लागले तर लागू देत. जो मोडेल त्याचा शिकारीतला वाटा बंद, बंदूक बंद, वाडीचं बोलणं बंद.

हा करार दोन वर्षं सगळ्यांनी पाळला. तिसऱ्या वर्षी ह्यांनीच मोडला.

जाणूनबुजून नव्हे. नर माजावर आला की झुडपांत शिंगं घासतो, वेली ओरबाडतो, त्या तशाच शिंगांत अडकून राहतात. मार्गशीर्षातल्या एका पहाटे धुक्यात ह्यांना झुडपाआडून भरगच्च शिंगं दिसली. ह्यांनी टोकं मोजली म्हणे. बार टाकून जवळ गेले, तर गुळवेलीत गुंडाळलेले दोन सरळ सुळे. चाळीस वर्षं रानात काढलेल्या माणसाने वेलीची टोकं मोजली. हे तसेच घरी आले. मला देव्हाऱ्यापुढे उभं केलं, माझा हात हातात घेतला आणि शब्द घेतला, कुणाकडे बोलणार नाही म्हणून. मीही दिला. त्या वेळी त्यांचं तोंड बघून कुणीही दिला असता.

पण ते जनावर पडलं होतं भिकाजीभावजींच्या हद्दीत. भिकाजी रांबाडे म्हणजे आमचा लागून शेजार, मधे कमरेएवढा दगडी गडगा. दोन दिवसांनी तिथे गिधाडं उतरली आणि गाव जमलं. त्याच पहाटे भावजींनी पावट्यातून डुकरं हुसकायला बार काढला होता, तो सगळ्यांनी ऐकला होता. भावजी एवढंच म्हणाले, मी मारलं नाही. पुढे एक शब्द बोलले नाहीत. आणि निवाडा द्यायला बसलं होतं कोण? आमचे हे. मान खाली घालून त्यांनी भावजींची बंदूक बंद केली, वाटा बंद केला, बोलणं बंद केलं. वर्षभरात हे तापाने गेले. माझा शब्द मात्र राहिला.

उद्या करार पुन्हा घ्यायचा आहे. गावाने भावजींना निरोप धाडला आहे, की नारळ हातात घेऊन कबूल करा, आत या. नाहीतर कायमचे बाहेर. भावजी कबूल करणार नाहीत, हे मी नारळाला न विचारताही सांगू शकते. आणि मी पायरीवर बसून बघणार.

"बघ की," हे म्हणतात.

धुकं वर सरकलं आहे. एक, दोन, सात नर. मानेवर आयाळ, आणि काय ती शिंगं. त्यांची टोकं मला मोजायला येत नाहीत, पण मोजावी लागतच नाहीत. ज्यांच्यावर तेव्हा कुणी बंदूक उचलली नाही तीच ही. ह्यांच्या चेहऱ्यावर जे आहे ते मी आमच्या लग्नातही बघितलं नव्हतं. मलाही बरं वाटतं, आणि बरं वाटलं म्हणून माझीच मला लाज वाटते.

"उद्या भिकाजीभावजींच्या हातात नारळ देणार हायत," मी म्हणते.

"तो घेणार नाय."

"म्हणूनच बोलते. माझा शब्द परत द्या."

"हळू बोल. बुजतील."

मी उठून उतरायला बघते. शिडी नाही. जिथे शिडी असायला हवी तिथे पाय सोडला तर तो आमच्या स्वयंपाकघराच्या जमिनीवर टेकतो. तव्यावर भाकरी आहे, टम्म फुगलेली. हे पाटावर बसले आहेत, पान मांडलेलं, पानात काही नाही. मी भाकरी वाढते. ते म्हणतात, अजून नको, ती चरताहेत. मी मागच्या दाराची कडी काढून परसात जाते, आणि परसात पाय टाकते तो मचाणाच्या बांबूंवर. पुन्हा आत येते, पुढच्या दाराने बाहेर पडते. पुन्हा बांबू. घराला जेवढी दारं आहेत तेवढ्या दारांतून मी मचाणावरच येते, आणि दर वेळी हे तिथे आधीच बसलेले असतात.

चौथ्या खेपेला दाराबाहेर देऊळ निघतं. मला हायसं वाटतं. सभामंडपात गाव बसलं आहे, मधे पाटावर नारळ. सगळे माझ्याकडे बघतात, म्हणजे मी बोलायची वेळ झाली आहे. मी पुढे होते आणि पदराला हिसका बसतो. पदराचं टोक बांबूला बांधलेलं आहे. चांगली गाठ आहे, ह्यांच्या हातची. गुरं बांधायला हे तीच गाठ मारत. मी नखांनी सोडवायला बघते, दातांनी बघते. गाव वाट बघून बघून उठायला लागतं. शेवटी भिकाजीभावजी तेवढे उरतात, खांबाला टेकून. ते माझ्याकडे बघत नाहीत. देवळाच्या खांबांना फांद्या फुटतात आणि आम्ही पुन्हा वर.

आता मात्र मला राग येतो. साधा नाही, तीन वर्षांचा.

"तुम्ही मेलात आणि सुटलात," मी म्हणते. "मी रोज गडग्याच्या अलीकडं उभी राहून अनुसयेचं तोंड बघते. ती धुणं वाळत घालते, मी धुणं वाळत घालते. तिच्या लेकीची सोयरीक मोडली ह्याच्यापायी. मी ताप आल्यासारखी घरात बसून राहिले."

खाली एक नर मान वर करून वास घेतो आणि पुन्हा चरायला लागतो.

"सुटलो म्हणतेस? दोन वरसं हितंच बसलोय," हे म्हणतात. "उतरायला शिडी नाय."

"कुणी काढली?"

"मीच. वर आलो नि ओढून घेतली, मागनं कुणी येऊ नये म्हणून. मंग ती हातातनं सुटली."

"ओरडा की. कुणीतरी लावील."

"ओरडलो तर ही पळतील गो." ते खाली बोट दाखवतात. "करार खोट्यावर उभा हाय, मला ठावं हाय. पन उभा हाय नव्हं? ज्यानं घातला त्यानंच मोडला असं कळलं, तर उद्या कोन कुनासाठी थांबंल? चार दिवसांत साफ करतील."

हे जिवंत होते तेव्हाही असंच बोलायचे आणि मी गप्प व्हायचे. मला त्यांचा संताप येतो आणि त्याच वेळी त्यांच्या खांद्याला टेकावंसं वाटतं. टेकून बघते. खांदा आहे, ऊब नाही. दोन वर्षं मी ह्याच खांद्यासाठी रडले, आणि आता तो मिळाला तर मला तिथून उठून जायचं आहे.

"शब्द परत द्या," मी पुन्हा म्हणते.

"माझ्याकडं असता तर दिला असता."

हे खरं असावं. ते दोन्ही तळहात उघडून दाखवतात, हात रिकामे आहेत. मग हळूहळू त्यांच्या मनगटापासून गुळवेल वर चढायला लागते, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत. माझ्याही पायाला गारसर काहीतरी लागतं. मी बघत नाही. बघितलं की ते खरं होईल असं वाटतं. मचाण लहान झालं आहे, गुडघे पोटाशी घेतल्याशिवाय बसता येत नाही. वर फांद्या इतक्या खाली आल्या आहेत की मान सरळ करता येत नाही.

मी ओरडते. आवाज निघत नाही. पुन्हा ओरडते, नुसता वारा. वेल गळ्याशी येते आणि तिसऱ्या वेळी माझा आवाज मला ऐकू येतो, माझ्या अपेक्षेपेक्षा खूप मोठा.

"ते सांबर रावजी गोताडानं मारलं. भिकाजीनं नाय, माझ्या नवऱ्यानं."

सातही नर मान वर करतात. ते पळतात की उभेच राहतात एवढं मला बघायचं असतं, ह्यांनाही बघायचं असतं. आम्ही दोघं एकदम पुढे वाकतो. आणि नदीच तोंडावर येते.

पाणी खरंच गार आहे. मी पडवीत उठून बसले आहे, केस ओले, चोळी ओली, उशीखाली थारोळं. वासे जागच्या जागी आहेत, सातव्यावर कुणी नाही. उन्हं अजून अंगणातच आहेत. चटईशेजारी पितळेचा तांब्या आहे, अर्धा भरलेला. तो आमचा नाही. काठाखाली टिकली ठोकून नाव घातलेलं आहे: सौ. अनुसया भिकाजी रांबाडे.

अनुसया अंगणात उभी आहे. अर्धी माझ्याकडे, अर्धी गडग्याकडे. तीन वर्षांत तिचं पाऊल इकडे पडलं नव्हतं.

"लय ओरडत होतीस," ती म्हणते. "मला वाटलं पान लागलं." आमच्याकडे भरल्या घरात सापाचं नाव घेत नाहीत.

माझा घसा खरखरीत झाला आहे. मी विचारते, सगळं ऐकलंस का. ती तांब्याकडे बघत राहते. तिचे केस कधी इतके पिकले, मला कळलंच नाही.

"ऐकलं. त्यात नवं काय हाय?" ती म्हणते. "आमच्यांनी बघितलं होतं त्या दिशी. वहाळाच्या पाण्यापलीकडं उभे होते."

मग बोलले का नाहीत, असं मी विचारते, आणि विचारताना मला माझाच आवाज चोरट्यासारखा वाटतो.

"मी पन तेच इचारलं. म्हनाले, ज्यानं करार घातला त्यानंच मोडला म्हटलं तर बाकीचे दोघं कशाला पाळतील? वाढू देत ती पोरं, म्हनाले. रावजीदादा आपल्या तोंडानं सांगतील आज ना उद्या." ती पदराने हात पुसते, हात कोरडेच असतात. "दादा गेले. मंग तुझी वाट बघत रायलो."

मी म्हणते की उद्या मी सांगते. देवीपुढे, सगळ्यांसमोर, नारळ मी घेते. हे सगळं मी एका दमात बोलून टाकते. तिच्या चेहऱ्यावर काही हलत नाही. तिने हसावं, रडावं, निदान शिवी द्यावी असं मला फार वाटतं.

"झोपंत बोलायला काय जातंय, गुणावयनी," ती म्हणते. "उद्या जागी राहून बोल."

ती गडगा चढून पलीकडे निघून जाते. तांब्या मागत नाही, मीही आठवण करत नाही.

उरलेलं पाणी मी पिऊन टाकते. मग राख घेऊन तांब्या घासते, नावाची टिकलीन् टिकली चमकेपर्यंत, आणि उंबऱ्यावर ठेवते. उद्या देवळात मी तो हातात घेऊन जाणार आहे. बोलणं बंद असताना रांबाड्यांचा तांब्या तुझ्याकडे कसा आला, असं कुणी ना कुणी विचारेलच, आणि मग मला सांगावंच लागेल.