ताटातला चुडा

भूतबाधा, करणी, उतारे... असल्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी उठून जायची. मी झाशीतल्या एका शाळेत खेळ शिकवते. दम, स्नायू, सराव – मला कळतं ते एवढंच. तरीही हे लिहितेय, कारण पोटात ठेवून चैन पडत नाही.

सातव्या महिन्यातही मी रोज सकाळी छावणीतल्या शांत रस्त्यांवर धावत होते. सीपरी बाजारातल्या आमच्या घरून नवरा स्कूटरवर सोडायचा. डॉक्टरबाईंची परवानगी होती – आधीपासून धावतेस ना, मग हळूहळू धाव, फक्त धावताना बोलता आलं पाहिजे. म्हणून मी पोटातल्या बाळाशी मोठ्यानं गप्पा मारत धावायची. बघणाऱ्यांना वेडीच वाटत असेन!

सासूबाईंचा मात्र जीव टांगणीला. "पोटुशी बाई पळताना पाहिली की काळजात चर्र होतं गं, सूनबाई," म्हणायच्या.

त्याला कारण होतं. सत्तावनच्या बंडानंतर गोऱ्यांची पलटण शहरात शिरली आणि घराघरांत कापाकापी सुरू झाली. तेव्हा आमच्या सासरची एक गरोदर सून अनवाणी धावत सुटली. गल्लीच्या तोंडाशीच तिला गाठून मारलं. तिचं नावसुद्धा आता कुणाला ठाऊक नाही. तिचं डोहाळजेवण राहून गेलं, म्हणून घरातल्या प्रत्येक डोहाळजेवणाला तिचंही ताट मांडतात आणि त्यात हिरवा चुडा ठेवतात. बाळ जन्मेपर्यंत तो देवासमोर राहतो, मग बेतवा नदीत सोडतात.

माझं डोहाळजेवण झालं आणि थोड्याच दिवसांत हात सुजले. बांगड्या रुतायला लागल्या, काढताना सगळ्या फुटल्या. मोकळ्या हातांनी फिरले असते तर घरात रामायण झालं असतं. ताटातला चुडा मोठ्या मापाचा होता... सरळ चढवला.

सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या. "काढ तो! तिचा आहे गं!"

"तिला आता काय करायचाय, आई?" मी हसत म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बांगड्या वाजू नयेत म्हणून नवऱ्यानं माझ्या दोन्ही मनगटांवर रुमाल गुंडाळून करकचून गाठी मारल्या. मी धावायला लागले. कोवळं ऊन पडलं होतं. थोडं पुढे गेले आणि मागून बांगड्यांचा आवाज आला. सोबत पावलांचा – बुटांचा नाही, अनवाणी पायांचा. थप, थप, थप. वळून पाहिलं तर रस्ता रिकामा. बाळाशी चाललेलं माझं बोलणं तिथेच थांबलं. दम होता, शब्द फुटेना.

तेवढ्यात एका भिंतीआडून एक माणूस आला आणि त्यानं माझं मंगळसूत्र खेचलं. दोरा मानेत रुतला, तुटला, काळे मणी रस्ताभर उडाले. मी ओरडले. त्यानं मला फरफटत भिंतीवर आदळलं. मी खाली कोसळले, पोट दोन्ही हातांनी आवळून धरलं. त्यानं चाकू काढला.

"चिल्लाई तो पेट में घुसेड़ दूँगा!"

त्यानं हात उचलला... आणि ती पावलं माझ्या डोक्यावरून गेली. मी खरंच सांगते, गेली! माणूस मागे फेकला गेला. कुणीतरी त्याच्या तोंडावर घाव घालत होतं. काच फुटत होती, तो किंचाळत होता, गाल फाटून दात दिसायला लागले. एक डोळा तर राहिलाच नाही. त्याचं रक्त माझ्या तोंडावर उडालं. मला दिसत होता फक्त तो, एकटा, मातीत लोळत असलेला.

सायकलवरून येणाऱ्या एका दूधवाल्या भैयांनी मला उठवलं. पुढे इस्पितळात डॉक्टरबाईंनी पोटावर यंत्र टेकवलं आणि बाळाचे ठोके ऐकू आले, तेव्हा मी हंबरडा फोडला.

"अगं, तूच मारलं असशील, घाबरून," नवरा म्हणाला. "त्याच्या तोंडातून हिरव्या काचा काढल्यात."

मी हात पुढे केले. माझे हात पोटावरून हललेच नव्हते. रुमाल तसेच होते, त्याच्याच गाठींसकट. त्यानं गाठी सोडवल्या. आत एकही बांगडी नव्हती, साधा ओरखडा नव्हता.

त्या माणसानं पोलिसांना सांगितलं ते आम्हाला नंतर कळलं. "साहब, इसने नहीं, पीछे वाली ने मारा. नंगे पाँव थी. उसका पेट चिरा हुआ था."

मला मुलगी झाली, धडधाकट. आता घरभर पळते. कुणी म्हणतं धक्क्यानं भास झाला, कुणी म्हणतं त्याला नशा होती. असेल. रुमालांच्या गाठींबद्दल मात्र अजून कुणाला काही सांगता आलेलं नाही, मलाही नाही.

गेल्या महिन्यात धाकट्या जावेचं डोहाळजेवण झालं. त्या अनवाणी सुनेचं ताट मांडलं, नवा चुडा ठेवला. मग मी आत गेले आणि माझे धावायचे बूट आणून ताटाशेजारी ठेवले. पाहुण्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सासूबाईंनी पदरानं बुटांवरची धूळ पुसली आणि ते नीट जोडून ठेवले.