आज तुम्ही नाही

वाईट दिवसाची इतक्या आनंदाने वाट पाहणारा माणूस आमच्या साडभाऊंखेरीज अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर आणि घाटाखाली, दुसरा निघणार नाही, हे मी स्टँपपेपरवर लिहून द्यायला तयार आहे. चारचौघं सकाळी उठून आजचा दिवस बरा जावा म्हणतात. साडभाऊ दात घासतानाच आज काय काय बिघडू शकेल याचा विचार सुरू करतात आणि आंघोळ आटोपेपर्यंत त्यांच्याकडे तीन-चार संकटं तयार असतात. यावरून कुणी त्यांना रडका माणूस समजू नये. रडक्या माणसाचा चेहरा उतरलेला असतो; यांचा संकटाच्या नुसत्या कल्पनेने खुलतो. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या आक्का, यांनी त्यांच्यासोबत पस्तीस वर्षं काढली आहेत. त्या म्हणतात, "ह्यायले जेवताना पाण्याचे दोन गिलास लागते. काऊन, तं एक सांडला तं!"

साडभाऊंचं सगळंच दोन-दोन असतं. चष्मे दोन, घड्याळं दोन, आणि एक हरवली तर असावी म्हणून छत्र्या दोन. त्या दोन्ही ते एकाच पिशवीत ठेवतात आणि दोन्ही एकदमच बसमध्ये विसरून येतात. मुलीच्या लग्नात त्यांनी मंगलविधीला एक बौद्धाचार्य ठरवले होते आणि ते ऐनवेळी अडकले तर पंचाईत नको म्हणून मेहकरचे दुसरे तिसऱ्या रांगेत बसवून ठेवले होते. पहिले वेळेवर आले. पण दुसऱ्यांना नुसतं जेवून जा कसं म्हणायचं? मग दोघांनी मिळून लग्न लावलं, त्रिसरण-पंचशील दोनदा झालं आणि जावयाच्या आत्याने डोळे पुसत म्हटलं की एवढं पक्कं लग्न आमच्या खानदानात कुणाचं लागलं नव्हतं.

किल्ल्यांचं तर विचारूच नका. त्यांच्या घराची जादा किल्ली आमच्याकडे आणि आमची त्यांच्याकडे, ही योजना त्यांचीच. एकदा आम्ही दोन्ही कुटुंबं मिळून रोहिणखेडला एका साखरपुड्याला गेलो आणि परत येताना ज्या पिशवीत दोन्ही घरांच्या किल्ल्या होत्या, ती पिशवीच बसमध्ये राहिली. त्यांची जादा किल्ली आमच्या कुलूपबंद घरात आणि आमची त्यांच्या. भर दुपारी आम्ही आठ माणसं रस्त्यावर उभी, बायका एकमेकींकडे बघून दात-ओठ खाताहेत आणि साडभाऊ मात्र खिशातून डायरी काढून काहीतरी लिहून घेताहेत. "पाह्यलं का साडभाऊ?" ते मला म्हणाले, "आराखड्यातली खोट सापडली!" त्या क्षणी त्यांचा चेहरा नातू झाल्यावर दिसला होता तसा दिसत होता.

आता हा आराखडा काय ते सांगायला हवं. आमची एक लहानशी दूध संस्था आहे. घाटावरच्या गावांतून सकाळ-संध्याकाळ दूध येतं, बुलढाण्यातल्या आमच्या केंद्रात ते मोठ्या टाकीत थंड केलं जातं आणि दुपारी टँकर येऊन ते घाटाखालच्या मोठ्या डेअरीत नेतो. साडभाऊ केंद्राचे मॅनेजर आणि मी दूध तपासणीचा प्रमुख. त्यांनी मला चिकटवलं की मी त्यांना, यावर घरात अजून एकमत नाही. तर काही वर्षांपूर्वी मोठ्या डेअरीकडून पत्र आलं की प्रत्येक केंद्राने 'व्यवसाय सातत्य आराखडा' तयार करावा, म्हणजे संकट आलं तरी काम कसं चालू राहील ते लिहून काढावं आणि दर सहा महिन्यांनी त्याची चाचणी घ्यावी. इतर केंद्रांनी एकमेकांचं बघून कागद भरले, सह्या ठोकल्या आणि फाईल बांधून ठेवली. साडभाऊंनी मात्र ते पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला, दुसरा लावला आणि तिसऱ्यांदा वाचलं. आयुष्यभर बायको, मेहुण्या आणि व्याही ज्या गोष्टीवरून त्यांना हसत आले, तीच गोष्ट आता वरून सरकारी थाटाच्या मराठीत हुकूम होऊन आली होती.

त्यांनी एक जाडजूड रजिस्टर आणलं. डाव्या पानावर 'जर' आणि उजव्या पानावर 'तर'. जर वीज गेली. जर टँकर आला नाही. जर राजूर घाट बंद झाला. जर तपासणीवाले साडभाऊ (म्हणजे मी) आजारी पडले. समोरच्या पानावर कुणी काय करायचं, कुणाला फोन करायचा, ते बारीक अक्षरात. मग चाचण्या सुरू झाल्या. पहिल्या चाचणीत त्यांनी ऐन सकाळी मेन स्विच पाडला आणि "जनरेटर!" म्हणून आरोळी दिली. जनरेटरच्या खोलीत जनरेटर नव्हता. एका संचालकाच्या पुतण्याच्या हळदीला तो गेला होता आणि लग्न, सत्यनारायण, बारसं असं करत तिकडेच मुरला होता. दुसरी चाचणी फोनच्या साखळीची. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला निरोप द्यायचा आणि दहा मिनिटांत तो टँकरवाल्यापर्यंत पोचायचा. पण आमची माणसं रीतभात पाळणारी. ज्याला निरोप मिळाला त्याने आधी साहेबांना, म्हणजे साडभाऊंना, फोन करून "साहेब, निरोप भेटला बरं का, घरी सगळे बरे?" असं विचारलं. तासभर साहेबांचा फोन लागेना, कारण सगळे त्यांनाच फोन करत होते, आणि टँकरवाला गफ्फारभाई घाटाखाली निवांत चहा पीत बसला होता. आम्ही खाली माना घातल्या. साडभाऊ खुशीत म्हणाले, "चाचणीत फसलं तं फायदा हाय. खऱ्यात फसलं तं तोंड कुठी लपवसान?"

यातून निघाली त्यांची सगळ्यात नामी कल्पना. दर महिन्याला डब्यातून एक चिठ्ठी काढायची. ज्याचं किंवा जिचं नाव निघेल त्या माणसाला साडभाऊ सकाळी दारातच सांगत, "आज तुम्ही नाही." त्या माणसाने दिवसभर आवारातल्या निंबाखालच्या दगडी बाकावर बसायचं. चहा मिळेल, पेपर मिळेल, पण आत पाऊल टाकायचं नाही आणि कुणी काही विचारलं तर तोंड उघडायचं नाही. त्याच्यावाचून काम कुठे अडतं ते बाकीच्यांनी शोधायचं. माझी चिठ्ठी पहिल्याच महिन्यात निघाली. माझ्या हाताखालच्या संजीवनीताईंनी दूध तपासलं. आता आमचं मशीन जुनं, ते फॅट जरा जास्तच दाखवतं आणि मी सवयीने मनातल्या मनात थोडी कमी करून लिहितो. ही गोष्ट मी कुणाला सांगितलीच नव्हती. त्या दिवशी घाटावरची प्रत्येक म्हैस एकाएकी सुधारली. मी बाकावर बसून खिडकीतून ओरडून सांगितले जाणारे आकडे ऐकत होतो, तळमळत होतो आणि साडभाऊ दारात उभे राहून माझ्याकडे बोट रोखून "नाही, तुम्ही नाही" म्हणत होते. दुसऱ्या दिवशी एक दूधवाला म्हणाला, "ह्या साहेबाले रोजच बाहीर बसवत जा नं भाऊ."

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पुढे वर्षभरात पुन्हा माझी चिठ्ठी निघाली तेव्हा मात्र सगळं बिनबोभाट पार पडलं आणि त्या दिवशी जास्त वाईट वाटलं. आपल्यावाचून काही अडत नाही हे बाकावर बसून डोळ्यांनी बघणं सोपं नसतं. साडभाऊ संध्याकाळी माझ्याशेजारी येऊन बसले. "साडभाऊ," ते हळूच म्हणाले, "आपल्यावाचून चाललं, म्हणजे आपण शिकवलं चांगलं. अडलं असतं तं आपण लपवलं असतं." हा माणूस एवढं शहाणं बोलू शकतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

पण त्या डब्यात एक चिठ्ठी कधीच नव्हती. ती संजीवनीताईंनी हेरली. साडभाऊंच्या निवृत्तीला महिना उरला होता आणि संस्थेचे अध्यक्ष उघड म्हणू लागले होते की यांच्यामागे हे केंद्र कोण चालवणार, त्यापेक्षा ते बंद करून घाटाखालच्या केंद्रात मिळवून टाकू. बोलायला सोपं होतं. घाटावरच्या आमच्या गावांत एक-दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या बाया आहेत. थंड न केलेलं दूध उन्हात घाट उतरेपर्यंत नासतं. केंद्र बंद म्हणजे त्यांचं दूध बंद. हे सगळं चाललेलं असताना एक दिवस ताईंनी डबा साडभाऊंसमोर पालथा केला. "साहेब, तुमची चिठ्ठी काऊन नाही यात?"

साडभाऊ सांडलेल्या चिठ्ठ्या डब्यात भरू लागले. त्यांची चिठ्ठी का नव्हती ते मला माहीत होतं. रजिस्टरच्या शेवटच्या डाव्या पानावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'जर मी नसलो'. समोरचं पान कित्येक वर्षं कोरं होतं. दुसऱ्या दिवशी ते वेळेवर आले, सगळ्यांना बोलावलं आणि म्हणाले, "आज मी नाही." अध्यक्षांनाही त्यांनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. मग पेपर घेऊन बाकावर जाऊन बसले.

संकटं साडभाऊंचं कधी ऐकत नाहीत, पण त्या दिवशी ऐकलं. अकराच्या सुमाराला बातमी आली की राजूर घाटात ट्रक आडवा झाला आहे आणि टँकर खाली अडकला आहे. टाकी काठोकाठ भरलेली. पाच वाजता संध्याकाळचं दूध येणार, त्याआधी ती रिकामी झाली नाही तर ते दूध ओतायचं कुठे? संजीवनीताईंनी रजिस्टर उघडलं. फोनची साखळी फिरली आणि या खेपेला कुणी कुणाच्या घरची खुशाली विचारली नाही. गफ्फारभाईने टँकर वळवला आणि खामगावकडून बोथ्याच्या घाटाने यायला निघाला; लांबचा वळसा, पण पाचच्या आत पोचणारा. अध्यक्ष खुर्चीत सावरून बसले. मी बाकाकडे पाहिलं. साडभाऊ पेपर वाचत होते. पेपर उलटा होता.

आणि दुपारी दोनला वीज गेली.

जनरेटर जागेवर होता. हळदीच्या प्रकरणापासून त्याच्या खोलीला चांगलं लठ्ठ कुलूप लागलं होतं आणि कुणी तो पुन्हा नेऊ नये म्हणून त्या कुलपाची किल्ली साडभाऊ स्वतःच्या खिशात ठेवत. एकच किल्ली. ज्याने छत्र्या दोन ठेवल्या, चष्मे दोन ठेवले, लेकीच्या लग्नाला बौद्धाचार्य दोन आणले, त्या माणसाने ही किल्ली एकच ठेवली होती. बाकावर त्यांचा हात खिशाकडे गेला, तिथेच थांबला आणि चेहरा पांढराफटक पडला. टाकी थंड राहिली नाही तर सकाळचं सगळं दूध जाणार आणि अध्यक्षांना हवं ते आयतं हाती लागणार. मला वाटलं आता हे उठतील. उठावं असं मला मनापासून वाटत होतं.

संजीवनीताई दारात आल्या. त्यांनी बाकाकडे पाहिलं. अगदी सरळ, पण तिथे कुणी बसलेलंच नाही असं. मग मागे वळल्या, गोदामातून घण आणला आणि कुलपावर घातला. पाच घाव लागले. प्रत्येक घावाला साडभाऊ बाकावर दचकत होते. पाचव्याला कुलूप पडलं, जनरेटर धडधडला, आणि साडभाऊंनी पेपर तोंडावर धरला. त्याआड ते हसत होते की रडत होते हे मी सांगू शकणार नाही. पेपर मात्र बराच वेळ हलत होता.

साडेचारला टँकर आला. पाचला संध्याकाळचं दूध रिकाम्या टाकीत पडलं. अध्यक्षांनी ताईंना विचारलं, "किल्ली साहेबांच्या खिशात होती, मागायची नाही का? चांगलं कुलूप फोडलं."

"साहेब आज नव्हते नं," ताई म्हणाल्या. "मागू कोणाले?"

केंद्र बंद करायचा विषय पुढच्या बैठकीत निघाला नाही आणि त्यानंतरही निघालेला नाही. आज संजीवनीताई मॅनेजर आहेत, जनरेटरच्या नव्या कुलपाला तीन किल्ल्या आहेत, आणि त्या तीन वेगवेगळ्या माणसांकडे आहेत.

निरोपाच्या दिवशी साडभाऊंनी रजिस्टर ताईंच्या हाती दिलं. ताईंनी शेवटचं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. 'जर मी नसलो'च्या समोर ताईंच्या गोल अक्षरात भरलेलं होतं: 'तर कुलूप तोडावे. साहेबांना बाकावर चहा नेऊन द्यावा.' त्याप्रमाणे आजही साडभाऊ आठवड्यातून दोन-तीनदा येतात, निंबाखाली बसतात, चहा घेतात. आतून कुणी काही विचारायला आलंच तर मान हलवून म्हणतात, "मी नाही." मला अजूनही आत काम करताना खिडकीतून बाकाकडे बघायची सवय आहे. बाक रिकामा दिसला की हात क्षणभर थांबतो.

पण निरोपाच्या दिवशीचं सांगायचं राहिलं. ते पान साडभाऊंनी पहिल्या चष्म्याने वाचलं, मग दुसऱ्याने वाचलं. मग सवयच ती, म्हणाले, "अन् ताई, एक दिवस मी बाकावरही नसलो तं?"

आम्ही सगळे खाली बघू लागलो. संजीवनीताईंनी मात्र त्यांच्याकडे बघितलं.

"तं चहा आमी पिऊ साहेब," त्या म्हणाल्या. "तिथीच बसून. सगळेच्या सगळे."

साडभाऊंनी जरा विचार केला. त्यात काही खोट सापडते का ते बघत असावेत. मग खिशातून पेन काढून त्यांनी ताईंच्या हातात दिलं.

"हे लिहून ठेव," ते म्हणाले.