एका लाटेची चूक

स्वतःच्या घराचं दारसुद्धा दोनदा ठोकून आत जायचं. कलिंगड विकणारा वैतागेपर्यंत वाजवून पाहायचं. चालता चालता टाच आपटायची आणि कुणी हाक मारल्यासारखं थांबायचं. 'नक्की' हा शब्द चुकूनही वापरायचा नाही.

एवढ्या भांडवलावर काकांनी एकतीस वर्षं नोकरी केली. काका हे तोंडावरचं नाव. पाठीमागे सगळे त्यांना ठोक्या म्हणत.

काम जमिनीच्या पोटात न उतरता तिथलं सांगण्याचं. वर जड वजन आपटायचं, ओळीनं रोवलेल्या जिओफोनांनी थरथर टिपायची. खडकात लाट पळते, मऊ मातीत रेंगाळते. कुठल्या थरात तिचा वेग किती, याचा आधी अंदाज बांधायचा. संगणक त्या अंदाजावरून लटक्या लाटा काढणार. लटक्या खऱ्यांशी जुळेपर्यंत अंदाज बदलत बसायचं. वहिनी, म्हणजे काकांची बायको, याला 'अंदाजे नोकरी' म्हणायच्या.

अहवालांची भाषा सुधारायला ऑफिसनं साहित्याचा एक पदवीधर ठेवला होता. 'असावा' खोडून 'आहे' लिहायचं, ही त्याची साहित्यसेवा. त्याचं आणि काकांचं का जमलं, कुणास ठाऊक. शब्दापाशी अडखळणारे तिथे दोघंच होते.

एका शाळेखालून पाण्याचा बोगदा जायचा होता. लाटा सुरेख जुळल्या. खालच्या जमिनीचं रंगीत चित्र तयार झालं. लाल म्हणजे मऊ माती. साहेबांनी एवढंच सुचवलं, "लाल जरा भडक वाटतो. लोक उगाच घाबरतात." लाल फिका झाला आणि चित्र चौकटीत बसून ऑफिसच्या दारापाशी लागलं.

अहवालाच्या शेवटी काकांचं एक वाक्य होतं: 'लाटा जुळतात, पण बहुधा शेजारच्या लाटेशी.' पदवीधराला ते बाळबोध वाटलं. त्यानं ते खोडलं. साहेब खूश झाले.

दुसऱ्या दिवशी काकांनी खिशातून दोन फण्या काढल्या. बारीक दातांच्या. एकीवर एक ठेवली.

"जुळल्या?"

"जुळल्या."

त्यांनी वरची एका दातानं सरकवली. "आता?"

"आताही जुळल्या."

"खरं कुठलं?"

पदवीधरानं फणी परत मागे सरकवून पाहिली.

"पहिला अंदाज अर्ध्या दाताहून जास्त चुकला की फणी शेजारच्या दातात जाऊन बसते. आलेख झकास, जमीन भलतीच."

"मग करायचं काय?"

काकांनी रुंद दातांची फणी काढली. "हिनं सुरुवात करायची. लांब, संथ लाटा आधी जुळवायच्या. त्या सहसा चकवत नाहीत."

"मी खोडलं तेव्हा तुम्ही अडवलं का नाहीत?"

"तू विचारलंस कुठे? 'सुधारलं' म्हणून सांगितलंस."

साहेबांना हे सगळं सांगितलं, तेव्हा ते हसले. "काका, नव्वद टक्के जुळतंय. आपलं दोघांचं तरी एवढं जुळतं का?"

"शाळेखाली चित्राहून जास्त मऊ माती निघाली तर?"

"पुढच्या अहवालात लिहू." मग मोठ्या मनानं म्हणाले, "बोगदा खणायचं यंत्र सोमवारी सुरू होतंय. तोवर बसा काय ते करत."

चाळीस धडाक्यांच्या नोंदी. प्रत्येकीतली संथ लाट डोळ्यांनी तपासून पुन्हा जुळवायची. काकांनी कागदावर चाळीस चौकोन आखले. मंगळवारी दुपारी सतराव्यावर खूण केली. पाय मोकळे करायला जिन्यात गेले, पायरीवर टेकले, आणि उठलेच नाहीत.

ऑफिसनं दोन मिनिटं शांतता पाळली. त्यातलं एक मिनिट साहेबांचा फोन वाजत होता.

पदवीधरानं वाक्य परत घातलं, 'बहुधा'सकट. अहवाल शाळेच्या मुख्याध्यापिकेला आणि बोगद्याच्या इंजिनिअरला स्वतःच पाठवला. इंजिनिअरचा फोन आला. "'बहुधा'वर यंत्र थांबत नाही हो. आकडा द्या."

आकडा चाळीस चौकोनांच्या पलीकडे होता.

शुक्रवारी वहिनी सामान न्यायला आल्या. दार दोनदा ठोकून आत आल्या. चष्मा घेतला, डबा घेतला.

"तूच का तो खोडणारा?"

"हो, वहिनी."

"घरी सांगायचे. पोराचं अक्षर चांगलंय म्हणायचे."



मग त्यांना रुंद दातांची फणी दिसली. "ही माझी. आठवडाभर शोधतेय." हात पुढे केला आणि मागे घेतला.

फणी चौकोनांच्या कागदावर आडवी पडली होती, अठराव्या चौकोनाच्या अगदी वर. तिथून खाली सगळे चौकोन कोरे होते.