कोलंबी नाय घालायची

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आम्ही दोघं एकाच गल्ल्यावर आळीपाळीने बसतो, माझ्या पोटातलं सगळं आपल्याला कळतं असा तिचा समज आहे — आणि तरी हे नाही. मग तुम्हाला का? कदाचित तुम्ही आमच्या हॉटेलात कधी जेवायला येणार नाही म्हणून. पण एक सांगून ठेवतो, मी सरळ मुद्द्यावर येणार नाही. यायचा प्रयत्न करीन.

बोईसरला आमचं मासळीचं हॉटेल आहे. वडिलांनी काढलं, मी चालवतो. वडिलांच्या काळापासून फोनवर ऑर्डर घ्यायची ती कुंदाताई. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातली बाई, आवाज असा खणखणीत की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागायचा. तारापूरपासून वाणगावपर्यंतची गिऱ्हाइकं त्या आवाजाला ओळखायची. आधी घरची चौकशी, मग पापलेटची. मी शाळेतून यायचो तेव्हा ती मला तळलेला बोंबील कागदात गुंडाळून द्यायची. हे उगाच सांगतोय असं वाटेल तुम्हाला. नाही, उगाच नाही.

गिऱ्हाईक वाढलं. कारखान्यांची पाळी सुटली की एकदम फोन, त्यात निम्मे हिंदीत, आणि फोन घेणारी बाई एक. तेव्हा एका कंपनीचा माणूस आला — बोलणारा एआय बसवा, म्हणाला. एकाच वेळी कितीही फोन घेतो, मराठी बोलतो, हिंदी बोलतो, थकत नाही. मी भुललो. भुललो म्हणणंही खोटंच. मला तो हवाच होता. फक्त एक भीती होती. अनोळखी आवाज ऐकला की आमची गावाकडची गिऱ्हाइकं फोन ठेवून देतात. कंपनीचा माणूस म्हणाला, मग ओळखीचा आवाज द्या ना.

तर मी काय केलं — दुपारी हॉटेल रिकामं असताना कुंदाताईला वरच्या खोलीत बसवलं, हातात वाक्यं लिहिलेले कागद दिले आणि सांगितलं, नवीन फोन घेतलाय, आवाज नीट पोचतो का बघायचंय, जरा वाच. तिने वाचलं. चष्मा पुसत, शाळेतल्या पोरीसारखं ताठ बसून. मध्येच ती ‘नाय’ म्हणायची, ‘हाय’ म्हणायची, आणि मी थांबवायचो. कुंदाताई, ‘नाही’ म्हण. ‘आहे’ म्हण. ती हसायची. म्हणाली, “माजी जीब काय इस्तरी केलेली हाय?” पण माझ्यासाठी तिने तेही केलं.

आणि त्या रेकॉर्डिंगवरून तिचा आवाज फोनवरच्या मशीनला बसला. तिला न सांगता. सांगू की, म्हटलं, पुढच्या आठवड्यात सांगू, हसेल ती. तिला मी वाढपावर देखरेखीला घातलं. एखाद-दोन गिऱ्हाइकांनी तिला विचारलंही, काल फोनवर तूच होतीस ना? ती म्हणायची, मी कुठली, आता फोनवर मशीनबाई असते! मस्करी समजून सोडून द्यायची. कधी मशीन अडलं तर ती धावत जाऊन जुन्या सवयीने फोन उचलायचीसुद्धा. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

मशीनच्या गमती व्हायच्या. कोणी विचारलं, “पापलेट हाय का?” की ती बाई नव्याने नमस्कार करायची — ‘हाय’ म्हणजे तिला इंग्रजीतलं वाटायचं. ते आम्ही कंपनीला सांगून नीट करून घेतलं. पण ‘नाय’चं राहिलं. ‘नाय’ला ती ‘ना’ समजायची, आपण आग्रहाने म्हणतो तो ना. “कांदा नाय घालायचा” म्हटलं की तिच्या लेखी कांदा ना, घालायचा! मला हे ठाऊक होतं. कांद्याचं एक पार्सल परत आलं तेव्हाच कळलं होतं. आम्ही सगळे हसलो, आणि मी कंपनीला कळवायचं उद्यावर टाकलं. शिवाय शेवटी ती ऑर्डर परत वाचून दाखवायची, तर लोक वैतागायचे, म्हणून ते मी बंद करून टाकलं. मीच. कोणी सांगितलं नव्हतं.

आता येतोच मुद्द्यावर.

कुंदाताईची थोरली बहीण हिरा जवळच्याच पाम गावात राहते. हिराची नात चिमी — कोळ्याच्या घरात जन्मली आणि कोलंबी चालत नाही. तोंडात गेली की ओठ सुजतात, श्वास अडकतो. अख्ख्या घराला ठाऊक. कुंदाताई तर तिला चिडवायची, तुला बदलून आणली गो दवाखान्यातून. चिमीच्या वाढदिवसाला हिराने आमच्याकडून मिक्स बिर्याणी मागवली. आमच्या मिक्स बिर्याणीत कोंबडी असते, अंडी असतात आणि कोलंबी असते. हिराने फोन केला, पलीकडून बहिणीचा आवाज आला, तिने निर्धास्तपणे सांगितलं.

पोरगी वाचली. हे आधीच सांगतो, तुमचा जीव टांगणीला लावायचा मला हक्क नाही. पण तिला उचलून दवाखान्यात नेताना ती निळी पडली होती म्हणे. चिमीला धोका नाही असं कळलं आणि हिरा तशीच हॉटेलात आली. भर दुपारी, टेबलं भरलेली. कुंदाताईसमोर उभी राहिली. “तुला सांगितलं व्हतं ना गो मी? तुला! आपल्याच पोरीचं नाय ध्यानात ऱ्हायलं तुज्या?” आणि मग म्हणाली, “वर शुद्ध बोलत व्हतीस, साहेबिणीसारखी!”

सगळ्यांना तो टोमणा वाटला. तो टोमणा नव्हता. हॉटेलात एकट्या मला कळलं की ती खरं बोलतेय, शब्दाला शब्द. तुम्ही असता तर काय केलं असतं? नको, उत्तर देऊ नका. तुम्ही काय केलं असतं याने माझं काही बदलत नाही.

कुंदाताई म्हणत होती, मी नाय उचलला फोन, आईशप्पत नाय उचलला. हिरा म्हणत होती, बहिणीचा आवाज मला कळत नाय काय? दोघी खऱ्या. मग कुंदाताई माझ्याकडे वळली. भांडायला नाही — विचारायला. जसं घरच्या माणसाला विचारावं तसं. “भाऊ, मी उचलला व्हता का फोन?”

एक वाक्य बोलायचं होतं मला. मशीन तुझ्या आवाजात बोलतं, कुंदाताई. झालं, एवढंच. पण टेबलं भरलेली, सगळे घास थांबवून ऐकत होते, आणि माझ्या डोळ्यांपुढे पोलीस, हॉटेलची पाटी, वडिलांचं नाव, सगळं एकदम उभं राहिलं. मी म्हणालो —

“मध्येमध्ये उचलतेस ना तू, कुंदाताई. राहिलं नसेल लक्षात.”

हेच ते. हे एवढंच लपवलंय मी. आवाज चोरला ते वाईट, वाचून दाखवणं बंद केलं ते वाईट, पण त्याला हलगर्जी म्हणता येईल. याला काय म्हणायचं? ती मला नाही म्हणाली असती, भांडली असती, तर मला जरा बरं वाटलं असतं. तिने विश्वास ठेवला. खुर्चीवर बसली आणि कपाळावर हात घेऊन म्हणाली, असेल, उचलला असेल मीच, डोकं चालत नाय माजं आताशी.

त्या संध्याकाळी मी वरच्या खोलीत दार लावून तो फोन ऐकला. मशीन सगळे फोन साठवून ठेवतं. हिरा म्हणते, “कुंदे, बिर्यानीत कोलंबी नाय घालायची हां, चिमी खाणार हाय.” पलीकडून कुंदाताईचा आवाज — खणखणीत, इस्तरी केलेला — “ठीक आहे, ताई. ऑर्डर घेतली आहे.” हिरा हसते. म्हणते, “अगो, लय शुद्ध बोलतंस आज!” आणि तो आवाज म्हणतो, धन्यवाद.

मी ते पुसून टाकलं. आवाजही बदलून घेतला, कंपनीकडचा तयार बाईचा घेतला. ‘नाय’ म्हणजे नाही, हे त्यांच्याकडून शिकवून घेतलं, ऑर्डर परत वाचून दाखवणं सुरू केलं. काय चपळाई होती माझी त्या दिवशी! मशीन आता चांगलं चालतं. लोक कौतुक करतात.

कुंदाताईने आपणहून काम सोडलं. मी थांब म्हटलं, वर तोंड करून. आपल्या हातून कोणाचं तरी पोर जाईल, म्हणाली. चिमीला हिरा तिच्याकडे पाठवत नाही. तिच्या हातचं पोरीला काही देत नाही. आणि कुंदाताई म्हणते, बरोबर करते ती. आपलं डोकं गेलंय हे तिने मान्य करून टाकलंय. काही गेलेलं नाही हो तिचं डोकं. हे जगात एकट्या मला माहीत आहे.

ती आता बाजारात सुकी मासळी घेऊन बसते. मी जातो. का जातो, मलाच कळत नाही, पण जातो. न जाता राहवत नाही आणि गेल्यावर बसवत नाही. परवाही गेलो. मला बघून तिला आनंद होतो, हे सर्वांत कठीण. बायकोबद्दल विचारते, हॉटेलबद्दल विचारते. मग मी काय हवं ते सांगतो, आणि ती तराजूला हात लावायच्या आधी ते सगळं परत म्हणून दाखवते. प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवते. शेजारच्या बायका हसतात तिला. ती सावकाश, बोटावर मोजत, माझ्या तोंडाकडे बघत म्हणते:

“बोंबील अर्धा किलो. सुकट पाव किलो. जवळा नाही.”

नाही म्हणते ती आता. नाय म्हणत नाही, कोणाला चुकीचं ऐकू येऊ नये म्हणून.

“बरोबर ना, भाऊ? परत सांगू?”

आणि मी म्हणतो, बरोबर.