आमच्या घरची भुलाबाई

देवीवर माझा विश्वास होता की नाही, हे त्या आश्विनापर्यंत मला नीट सांगता आलं नसतं. राग मात्र होता, आणि जी नाहीच तिच्यावर इतका राग कोणी धरत नाही.

माझी मुलगी चौथीत आहे. ती भरपूर बोलते, पण समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या मनातलं तिला कळत नाही. शाळेतल्या बाई म्हणतात, "मिसळत नाही", जणू ती पिठात घालायची साखर आहे. धंतोलीतल्या समुपदेशक बाईंच्या सांगण्यावरून आम्ही घरी सराव करतो. आधी समोरच्याकडे बघायचं, एक प्रश्न विचारायचा, उत्तराची वाट बघायची. एकदा वर्गातली एक मुलगी गुडघा फुटून रडत होती. हिने तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुझा आवडता रंग कोणता?" मग उत्तराची वाटही बघितली. सराव चोख झाला होता. त्या दिवसापासून डबा खायला हिच्याजवळ कोणी बसेना. सासूबाईंच्या आग्रहाखातर एका महाराजांकडेही नेलं. गारेगार सभागृहात, झेंडूने मढवलेल्या सिंहासनावरून त्यांनी निदान केलं की गेल्या जन्मी हिने कोणाचं तरी बोलणं तोडलं असावं. स्वतः ते दुपारभर कोणाला बोलू देत नव्हते. मला त्यांच्या पुढच्या जन्माची काळजी वाटली.

सक्करदऱ्याच्या आमच्या इमारतीत भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली रोज एकेका घरी भुलाबाई या देवीची गाणी म्हणतात. मग घरची मुलगी झाकलेला डबा वाजवते आणि बाकीच्यांनी आतला खाऊ ओळखायचा. गेल्या वर्षी आमच्या घरी कोणीतरी विचारलं, "काय आहे वं डब्यात?" हिने सांगून टाकलं. विचारलं तर खरं उत्तर द्यायचं, हे मीच शिकवलेलं. मुली चिडल्या, खाऊ मात्र घेऊन गेल्या. यंदा पाळ्या ठरवणाऱ्या काकू जिन्यात भेटल्या, गोड हसून म्हणाल्या, "तुमचं कोजागिरीनंतर पाहू नं." कोजागिरीला भुलाबाई जाते. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्या दिवसासाठी तर त्यांनी मंच, भोंगे आणि प्रमुख पाहुणे असा सगळा थाट ठरवला होता.

मुलीला खरं सांगायचं माझं धाडस झालं नाही. गेल्या वर्षी आमची पाळी होती त्याच दिवशी मातीची भुलाबाई आणली, ज्वारीच्या धांड्यांचं मखर केलं, चिक्की डब्यात भरली. संध्याकाळी ती नवा फ्रॉक घालून डबा मांडीवर घेऊन बसली. कोणी आलं नाही. बराच वेळ वाट बघून तिने एकटीनेच गाणी सुरू केली, एकही कडवं न गाळता, खड्या आवाजात. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होते. मनातच भुलाबाईला म्हटलं, तू आई म्हणवतेस ना? हिला बदल. नाहीतर माझ्या घरातून ऊठ. ही प्रार्थना नव्हती. भांडणच होतं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात हिच्याच वयाची एक अनोळखी मुलगी होती. सावनेरची. आजीला धंतोलीत डॉक्टरांना दाखवायला आणलं होतं आणि ते सगळे खालच्या मजल्यावर नातेवाइकांकडे उतरले होते. "मले खाली गाणी ऐकू आली. मी येऊ काय?"

माझ्या मुलीने तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "डब्यात चिक्की आहे."

मी डोळे मिटले.

"अवं, असं काहून सांगून राहिली? आता मले चुकाच लागते." ती पाटावर बसली, डबा कानाशी धरून वाजवला. "साबण!"

"साबण खात नाहीत."

"मग चप्पल! मास्तरचा चष्मा!"

चष्म्यापाशी माझ्या मुलीला उमगलं, ही मुद्दाम चुकते आहे. ती इतकी हसली की डबा सांडला. मग तिचा डाव आला. ती म्हणाली, "तुझ्या आजीचं औषध!" पाहुणी म्हणाली, "ते तर पोतंभर आहे आमच्याकडे." पुन्हा दोघी हसल्या. सगळी गाणी त्यांनी पहिल्यापासून पुन्हा म्हटली.

दुसऱ्या दिवशी मी चिक्की घेऊन खाली गेले, तर ती मंडळी सकाळीच सावनेरला परतली होती. डॉक्टरांनी आजीला घरी न्यायला सांगितलं होतं. उपाय उरला नव्हता. इमारतीत काही बदललं नाही. कोजागिरीला मंचावर भाषणं झाली. आम्हाला बोलावणं नव्हतं.

त्या मुलीला देवीनेच धाडलं, असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर आजीचं दुखणंही तिनेच धाडलं असं म्हणावं लागेल, आणि त्या घरच्या दुःखावर माझा आनंद मांडायला माझी जीभ रेटत नाही. मी फक्त हात जोडते. मी मागितलं होतं, हिला बदल. तेवढं मागणं आता सोडलं आहे. ती जशी आहे तशीच एका मुलीला पुरली होती, आणि तसं कुणी पुन्हा केव्हा येईल हे ठरवणं माझ्या हातात नाही. सराव आम्ही अजून करतो.

भुलाबाईला निरोप दिला त्या संध्याकाळी मुलीने विचारलं, "आई, गेलेली मैत्रीण मैत्रीणच राहते काय?"

माझ्याकडे काही पुरावा नव्हता. मी म्हटलं, "हो."